शेऱ्याचा रकाना

बदलीची यादी लागली तेव्हा नकाशात करडवाडी शोधली,
सापडली नाही.
औशाहून काळीपिवळीनं फाट्यापर्यंत,
पुढं नांगरटीच्या ढेकळांतून पायी.
पिशवीत माझा नवा उपक्रम होता,
लॅमिनेशन करून आणलेला,
खाली माझं नाव.

कपाटाची एक चावी शाळेकडं,
दुसरी खिचडी शिजवणाऱ्या फरजाना चाचीकडं.
"त्या वहीला धक्का लावू नका," चाची म्हणाल्या,
"बाकी काय बी हलवा."

वही म्हणजे अकरा वह्या, गोणीच्या दोऱ्यानं शिवलेल्या.
तारीख. मिलिमीटर. सही. शेरा.
आणि बाहेर हापशाच्या ओट्यावर
कापलेली बाटली, उलटं नरसाळं, चिकटवलेली पट्टी.
एवढीच यंत्रणा.

पहिल्या वहीत रंगीत पेनं, आखलेले समास,
मन्मथ स्वामी सरांचं ठाशीव अक्षर,
जिल्ह्याहून साहेब आल्याचा फोटो, हारासकट.
दुसरीत फोटो नाहीत.
तिसरीपासून पेन्सिल.
चौथीच्या मध्यावर सरांची बदली,
आणि दुसऱ्याच दिवशी
(मी तारीख पुन्हा पुन्हा पाहिली)
त्याच रकान्यात एक वाकडं शून्य,
सही: शिवकांता बिराजदार, इयत्ता तिसरी.

शून्यं मोजायला बसलो आणि सोडून दिलं.
शून्य, शून्य, दोन, शून्य,
अख्खा ऑगस्ट शून्य.
काहीच पडलेलं नाही, हे बघायला
रोज साडेआठला कुणीतरी तिथवर गेलेलं.

शेरे वाचत बसलो मग.
"माकडानं बाटली नेली. दुकानातून दुसरी आणली. फुकट."
"वरातीतल्या माणसानं त्यात चूळ भरली. धरलं नाही."
"आज माहीत नाही. मी झोपले. रेश्मा."
एके ठिकाणी चार मिलिमीटर, खोडलेले,
खाली सात जणांच्या सह्या:
"गणपतनं मनानं लिहिलं होतं. त्याला पडावं वाटत होतं.
आम्हालापण वाटत होतं.
पण पडलं नाही."

शाळा बंद होत्या त्या साली अक्षरच नाही.
नुसते गोल,
बांगडी ठेवून काढलेले,
आणि जिथं पाणी आलं तिथं आडव्या रेघा.
एक. तीन. एकदा अकरा.
"मला लिवता येत नाही सर," चाची तांदूळ निवडत म्हणाल्या,
"पर शून्य येतंय. पाणी आलं की बोटं लावून मापलं.
लेकरं माघारी आल्यावर इचारतील की,
मधले दिस कुठं गेले?"
लेकरांनी खरंच विचारलं होतं.
समासात गणित आहे अजून:
चाचीचं बोट पट्टीवर धरून
बोटांचे मिलिमीटर केलेले, हातचा चुकलेला, नंतर सुधारलेला.

माझा उपक्रम चांगला आहे, आजही म्हणतो.
फक्त त्याला रेश्मासाठी रकाना नव्हता,
झोपून गेल्याचं लिहायला.

दिवाळीच्या सुट्टीची वाटणी शाळा सुटताना झाली,
भांडत, चिंचेच्या खोडाला टेकून.
पाडवा तांड्यावरच्या बालिका राठोडनं घेतला,
नरकचतुर्दशी दोघा भावांनी अर्धी अर्धी,
ती कशी अर्धी होते मला कळलं नाही.
भाऊबीज कुणालाच नको होती.
मी हात वर केला.

पोरं एकमेकांकडं बघायला लागली.
"सर, तुमाला पट्टी वाचायला येती का?
डोळा पातळीत आणावा लागतोय. वाकून."
सराव म्हणून लगेच नेलं मला हापशावर.
कोरडी आहे की, मी म्हणालो, उभ्यानंच दिसतंय.
"उभ्यानं नाही सर," बालिका म्हणाली,
आणि माझी पँट मळू नये म्हणून
आधी ओट्यावर पोतं टाकलं.